आई, कुठं उतरायचं?

घाटावर मी यापूर्वी दोनदा गेले होते, एकदा लग्नाला आणि एकदा दाढ काढायला, आणि दोन्ही वेळा आमचे हे सोबत होते. या खेपेला हे पाय धरून बसले होते. माझे नव्हे, स्वतःचे. त्यांना संधिवात आहे. तेव्हा भाचीचं पत्र हातात घेऊन मी ओटीवर उभी राहिले आणि जाहीर केलं की मी एकटी जाणार. त्यावर घरात काय गदारोळ झाला तो तुम्हीच मनात आणा.

"कुठे जाणार म्हणालीस?" यांनी विचारलं.

"ईटला."

"हे काय गावाचं नाव झालं? विटेचं नाव आहे ते."

"मग तिथे जाऊन विटेवर उभी राहते," मी म्हटलं आणि वळकटी बांधायला घेतली.

ही भाची म्हणजे माझ्या गेलेल्या बहिणीची सुमन. तिचा नवरा गजानन शाळामास्तर. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तिकडे मास्तरांची गरज पडली, आणि आमच्या कोकणातली जी चार मुलं पोटासाठी तिकडे गेली त्यांतला हा एक. सुमनचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. पत्रात तिनं लिहिलं होतं, "मावशी, इथं माझं म्हणावं असं कुणी नाही. या वेळी एकटीनं निभणार नाही माझ्याच्यानं. तू ये." एरवी ही मुलगी चार पानं लिहिते. या वेळी चार ओळी होत्या.

सामानात वळकटी, एक पिशवी आणि एक सूप. बाळाला पहिल्यांदा सुपात निजवायचं ही आमची रीत, आणि त्या उजाड मुलखात बांबूचं चांगलं सूप मिळतं की नाही कोण जाणे, म्हणून मी घरूनच घेतलं. सुपात दोन नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या, हिरवा खण, हिरव्या बांगड्या आणि बाळासाठी सावंतवाडीची एक ठकी. ठकी तुम्हाला माहीत असेल. लाकडाची बाहुली, तांबडी-पिवळी रंगवलेली, हात अंगाला चिकटलेले, डोळे टपोरे. तिच्या नाकाचा रंग उडू नये म्हणून सगळ्या प्रवासात मी ते सूप मांडीवर घेऊन बसले होते.

मिरजेला फलाटावर काकड्या चांगल्या मिळतात. इतक्या चांगल्या की त्या निवडता निवडता कुर्डुवाडीची छोटी गाडी निघून गेली आणि मी एक दिवस मागे पडले. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

परंडा

कुर्डुवाडीहून परंड्याची मोटार पकडली आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की या देशात काहीही लपत नाही. आमच्याकडे दहा पावलांवरचा शेजारी आंब्याआड दिसत नाही. इथे दोन कोसांवर एक माणूस चालत होता आणि तो डोक्यावर काय घेऊन चाललाय तेही दिसत होतं. ज्येष्ठ लागला होता, पावसाचा पत्ता नव्हता, काळी रानं नांगरून उघडी टाकलेली. वर केवढं तरी आभाळ. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी आपल्याकडे बघतंय, आणि बघायला तर तिथे कुणीच नव्हतं.

परंड्यात गजाननानं माझी सोय आपल्या ओळखीच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांकडे केली होती. किल्ल्याच्या बाजूला त्यांचं घर. मास्तर सभ्य, कमी बोलणारे. बोलण्याचं सगळं खातं त्यांच्या अम्मांकडे होतं. अम्मांनी मला ज्वारीची पातळ भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची अशी चटणी वाढली की मी तिसरी भाकरी मागून घेतली. आमच्या सासरी हे कळलं तर काय होईल असा विचार मनात आला, म्हणून त्याच रात्री मी स्वतःच पत्र लिहून कळवलं.

जेवण झाल्यावर मी ईटला जाणार म्हटलं तेव्हा अम्मांचा हात थांबला.

"अकेले? उधर कू कायको जा रे माँ? उधर बीमारी है. हैजा."

हैजा म्हणजे पटकी. मास्तरांनी मान हलवली. भूमच्या पलीकडे काही गावांत लागण होती, ईटमध्ये अजून नव्हती.

"मला जायलाच हवं," मी म्हटलं. "मुलगी अडली आहे."

अम्मा उठल्या, मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, निववलं, आणि ओलं फडकं गुंडाळलेली एक मातीची सुरई माझ्यापुढे ठेवली. "येच पीना. किसी के घर का पानी नक्को. कित्ता भी बोले, नक्को. वादा करो." मी वचन दिलं. पाण्यावरून कुणी माझ्याकडून वचन घ्यावं याची मला गंमत वाटली होती.

पहाटे उठून त्यांच्या परसात मी डोक्यावरून नहाले. कुर्डुवाडीपासूनची धूळ केसांत भरली होती. केस वाळायच्या आत मोटारीचा भोंगा वाजला, तेव्हा तसेच मोकळे सोडून वरून पदर घेतला. केसांचे आकडे वळकटीत, वळकटी मोटारीच्या टपावर. नेसूचं हिरवं इरकल होतं, कारण त्यावर धूळ दिसत नाही असं माझं मत होतं. घाई-घाईत कुंकू जरा मोठंच लागलं. हे सगळं मी नटण्यामुरडण्याचं वर्णन म्हणून सांगत नाहीये.

गाडीवाट

भूमला उतरले तर गजानन नाही. तो आदल्या दिवशी येऊन, वाट पाहून परत गेल्याचं तिथल्या हॉटेलवाल्यानं सांगितलं. "मास्तरचा जीव थाऱ्यावर न्हवता बाई. बायकूला कळा सुरू होतील आज-उद्या म्हनत व्हते." मिरजेच्या काकड्या मला त्या क्षणी आठवल्या. आता पुन्हा कोण येणार? बाजारातून परत निघालेली एक रिकामी बैलगाडी दिसली, ती मी थांबवली. गाडीवान वयस्कर, पांढऱ्या मिशांचा, नाव दगडूतात्या. त्यांचं गाव ईटच्या अलीकडे दीड-दोन कोस. "बसा की, जाऊ. हसत-खेळत जाऊ," असं म्हणाले.

पहिला तासभर आम्ही खरोखर हसत-खेळत गेलो. मी त्यांना समुद्र कसा असतो ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. "एवढं पानी, आन् पेता येत न्हाय? मग ठिवलंय कशाला?" ते बोलत होते ते पुढे बघूनच. मी मागे वळकटीला टेकून, सूप मांडीवर घेऊन बसले होते. वारा सुटला आणि पदर मागे पडला. माझे केस भारी लांब आहेत, हे एकच सौंदर्य मला देवानं दिलंय. ते सगळे गाडीभर उडायला लागले. घामानं कुंकू नाकावर आलं. डोळे धुळीनं लालबुंद झालेले.

चढ लागला. बैलं थांबली. तात्यांनी चाबूक हवेत फिरवला, "हाऽऽ" केलं, तरी बैलं जागची हलेनात.

"गाडी जड झाली," ते स्वतःशीच म्हणाले.

"परंड्याच्या तीन भाकऱ्या आहेत हो," मी म्हटलं आणि मोठ्यानं हसले.

ते हसण्यासाठी मागे वळले. माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या सुपाकडे, सुपातल्या ठकीकडे. त्यांचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. पुन्हा पुढे वळले आणि त्यानंतर त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. बैलं मात्र आपणहून चालू लागली.

बऱ्याच वेळानं, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "आई, कुठं उतरायचं?"

मला फार बरं वाटलं. आमच्याकडे परक्या बाईला आधी विचारतात, कोण गो तू, कोणाची, घोव कुठे, पोरं किती. इथे काही चौकशी नाही, एकदम आई! मी मनात लिहून ठेवलं की या मुलखातली माणसं अत्यंत मर्यादशील आहेत.

"ईटला," मी सांगितलं.

"व्हय आई," तात्या म्हणाले. "व्हय."

पहिलं गाव

गावांची नावं मी लिहिणार नाही. त्यांनी मला काहीही त्रास दिला नाही, उलट जन्मात कुणी केला नाही एवढा मान केला.

तात्यांच्या गावात शिरलो तेव्हा डोक्यावर सूर्य होता. रस्त्यात कुणी नाही. कुत्रंसुद्धा नाही. प्रत्येक दाराला कडुलिंबाचे ढाळे बांधलेले. मला वाटलं काहीतरी सण दिसतोय. तात्या गाडी पारापाशी उभी करून खाली उतरले आणि मागे न बघता चालत निघून गेले. माझा निरोपही घेतला नाही. मी उन्हात, पाराशेजारी, गाडीत एकटी.

मग एक दार उघडलं. दुसरं उघडलं. बायका यायला लागल्या, एकीमागून एक, पदर पुढे ओढलेले, पावलांचा आवाज नाही. एकीच्या हातात दहीभात, एकीच्या हातात लिंबं, एकीच्या हातात चोळीखण. त्यांनी ते सगळं गाडीच्या चाकापाशी मांडलं. माझ्या हातात एकीनंही दिलं नाही. मी म्हटलं, "अहो, एवढं कशाला? मी नुसती वाटेवरची." कुणी वर बघेना. एकीनं तांब्या पुढे केला. पाणी. मला अम्मांचं वचन आठवलं. "नको, पाणी नको," मी म्हटलं, "माझं पाणी माझ्याजवळ आहे," आणि सुरई उचलून दाखवली.

त्या बायका एकदम मागे सरकल्या, वाऱ्यानं शेत हलावं तशा.

एका बाईच्या कडेवर दीडेक वर्षाचं पोर होतं. गुटगुटीत, काजळ घातलेलं. पिशवीत माझ्याकडे खडीसाखर होती. मी एक खडा काढून त्याच्यासमोर धरला. त्या बाईनं पोराचं तोंड स्वतःच्या छातीत असं दाबून धरलं की मला वाटलं ते गुदमरेल. आणि पोर रडलं नाही. मला अजून आठवतं ते, त्याचं न रडणं.

तेवढ्यात हलगी वाजायला लागली. चार पुरुष आले, नवी बैलजोडी जुंपली, कुणीतरी म्हणालं, "चल आई, पुढं चल." गाडी निघाली. अख्खं गाव मागून चालत होतं, हलगी वाजत होती. आमच्याकडे पाहुण्याला फार तर बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत पोचवतात; इथे वाजतगाजत शिवेपर्यंत. गंमत तरी किती वाटावी? मी हात हलवून निरोप घेतला. शिवेवर आल्यावर ते सगळे एकदम पाठमोरे झाले आणि गेले. कुणी एकानंही मागे वळून पाहिलं नाही. हलवलेला हात मी कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला होता.

शिवेच्या पलीकडे दुसऱ्या गावची माणसं उभी होती. वाट बघत.

म्हातारीचं गाव

आम्हां कोकणातल्या माणसांना एक गोष्ट जन्मतः कळते. सूर्य कुठे बुडतो ती. ईट उत्तरेला, असं तात्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं. म्हणजे दुपार कलल्यावर ऊन माझ्या डाव्या गालावर यायला हवं होतं. ते माझ्या पाठीवर होतं. मी ओरडले, "अहो, ही वाट ईटची नाही! मला ईटला जायचंय, माझी पोर अडली आहे!"

गाडी हाकणारा फक्त म्हणाला, "व्हय आई," आणि बैलांना आणखी जोरात हाकलं.

आता माझी गंमत संपत आली होती. उडी मारावी तर माझ्या गुडघ्यांचं वय माझ्याहून जास्त आहे. गाडी दुसऱ्या गावात शिरली. तीच शांतता, तेच ढाळे, चाकापाशी तोच दहीभात. फक्त इथे एका घरासमोर माणसं बसली होती, तोंडं झाकून, आणि अंगणात दोन तिरड्यांचे बांबू पडले होते. त्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. काठीसारखी. डोक्यावर पदर नाही. तिनं सरळ येऊन गाडीचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. सकाळपासून माझ्या डोळ्यांत बघणारी ती पहिलीच.

"आलीस?" ती म्हणाली. "परवा लेक नेलास. काल सून नेलीस. आता न्यायला कोन ऱ्हायलंय? चार वर्साचं पोरगं हाय, सकाळधरनं त्याला लागलंय. ते ठेव. मला ने की. मी काय वाईट हाय?"

"आगं म्हातारे, चाक सोड! हात लावू नगंस!" गावचे पाटील लांबूनच ओरडले.

तेव्हा मला कळलं. मांडीवरचं सूप, ठकी, हिरवं लुगडं, मोकळे केस, नको म्हटलेलं पाणी, सगळं एकदम कळलं. मरीआई आमच्याकडेही आहे. पटकी ती आणते, ती एकटी फिरते, आणि तिला लाकडाच्या गाड्यात बसवून शिवेबाहेर घालवायची असते. पण ती वाटेवरच्या गाडीवानाला हात करून गाडीत बसते, आणि जिथे उतरते तिथे माणसं मरायला लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. इथे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं.

"आजी," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "अहो, मी बाई आहे हो. तुमच्यासारखीच. संसारी."

म्हातारीनं मान हलवली. "तसंच म्हनतीस तू. माझ्या सासूच्या वक्ताला बी तसंच म्हनाली व्हतीस."

ती इतक्या खात्रीनं बोलली की क्षणभर मी आठवायला लागले, म्हणाले होते का मी?

मला नाटकं करायला आवडतात. गणपतीत मी आजवर तीन राण्या आणि एक हिडिंबा केली आहे. पण देवी मी त्या दिवशी गाडीत उभी राहून पहिल्यांदाच केली. केस मागे टाकले आणि म्हटलं, "ऐका. विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. आजाऱ्याला तांदळाची पातळ पेज, मीठ घालून, घोट घोट, थांबवायची नाही. त्या पोराला आत्ता द्या. हा माझा हुकूम आहे." म्हातारी चाक सोडून घराकडे धावली. धावली खरी, पडली, उठली, पुन्हा धावली.

मग मी पाटलांना म्हटलं, "आता मला ईटला न्या."

पाटलांनी हात जोडले. "ईटला नगं म्हनू आई. तू मावळतीकडनं येतीस, उगवतीला जातीस. माघारी न्यायची रीत न्हाय."

"आणि मी आपली आपण जाऊन उतरले तर? तिथे शाळेच्या मास्तराच्या घरी?"

"मग त्या घराचं वाटोळं की," पाटील म्हणाले. "तू उतरतीस त्या घरच्या चुलीतला इस्तूसुदिक कुनी नेत न्हाय. तिथं कुनी पानी घालंना, दाई उंबरा वलांडंना."

मी खाली बसले. दाई उंबरा ओलांडणार नाही. सुमनच्या दारात मला देवी म्हणून उतरायचं नव्हतं, आणि बाई म्हणून तर मला कुणी धरतच नव्हतं.

शीव

उगवतीच्या शिवेवर एक कडुलिंब होता आणि त्याखाली शेंदराचा दगड. हलगी थांबली. मी न सांगताच खाली उतरले. सूप दगडापुढे ठेवलं, नारळ, खण, बांगड्या, ठकी, सगळं. माणसं तशीच पाठमोरी झाली आणि गेली. त्यांनी मागे बघायचं नव्हतं, आणि माझी सारी भिस्त त्यावरच होती.

ते नाहीसे झाल्यावर मी वाकून पाहिलं. दगडामागे गवतात पंधरा-वीस लाकडी बाहुल्या पडल्या होत्या. छोट्या गाड्यांची मोडकी चाकं, कुजलेले खण, फुटक्या बांगड्या. कुणाचा रंग गेलेला, कुणाला वाळवी लागलेली, पण सगळ्यांना डोळे. गावागावांनी हाकललेल्या, एकाच जागी येऊन पडलेल्या. माझी ठकी त्यांच्यात नवी नवरी दिसत होती. माझ्या मागे कुणीतरी श्वास टाकल्यासारखं झालं. वारा असणार. मी केस घट्ट पिळून अंबाडा बांधला, कपाळ पुसून काढलं, पिशवी आणि सुरई घेतली, वळकटी तिथेच सोडली आणि ऊन तोंडावर घेऊन चालायला लागले. गावाला वळसा घालून, नांगरटीतून. ढेकळं पायांखाली फुटत होती. मी थांबले की तो आवाज क्षणभरानं थांबायचा.

माळावर मेंढरं दिसली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. धनगरांचं एक बिऱ्हाड, घोड्यावर कोंबड्या बांधलेल्या. पुढे चालणारी एक धिप्पाड धनगरीण मला बघून थांबली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोन गं बाई तू? एकलीच कुठं भटकतीस? कुनाची?"

मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

"आगं आगं! मारलं का काय कुनी?"

"कोणी नाही हो मारलं," मी म्हटलं. "आणखी विचारा. नवरा काय करतो विचारा. पोरं किती ते विचारा."

"येडी हाय," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "पन चांगल्या घरची दिसती," आणि कोंबड्या उतरवून तिनं मला घोड्यावर चढवलं.

ईट

दिवेलागणीला मी सुमनच्या दारात पोचले. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. गजानन अंगणात येरझारा घालत होता. मला बघून तो लहान मुलासारखा पायांवरच कोसळला. दाई आत होती. उंबऱ्याच्या आत. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात नमस्कार केला. सुमननं माझा हात जो धरला तो पहाटेपर्यंत सोडला नाही. पहाटे मुलगी झाली. निळसर, गप्प. दाईनं पायाला धरून उलटी केली, थापट्या मारल्या, आणि मग पोर अशी किंचाळली की गल्लीतल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

सूप शेजारणीकडून आणलं. तिकडेही बांबूची सुपं असतात आणि चांगली असतात.

पुढचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. मी पाणी उकळत होते, बाळंतिणीला खीर घालत होते आणि गजाननाच्या स्वयंपाकाची नक्कल करून दाखवत होते. वाटेत काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. सहाव्या दिवशी खालच्या आळीत एक माणूस गेला. सातव्या दिवशी तीन. मी गाडीतून आले नव्हते, देवी म्हणून उतरले नव्हते, चालत आले होते, घोड्यावरून आले होते. कुणाच्या घरचं पाणी प्याले नव्हते. हे मी रात्रंदिवस स्वतःला सांगत होते.

आठव्या दिवशी गावानं गाडा केला. नवी देवी, ओला शेंदूर, लिंबाचा मांडव, आणि घरोघर हलगी. प्रत्येक दारात घरच्या थोरल्या बाईनं ओटी भरायची आणि तिला पुढे जायला सांगायचं. सुमनच्या घरात थोरली मीच होते.

गाडा दारासमोर उभा राहिला. मी ओटी भरली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. शेजारची बाई माझ्या कानाशी लागली. "मावशी, आता म्हना की. 'पुढं जा आई' म्हना. थोरलीनं म्हनल्याबिगर ती दार सोडत न्हाय."

"पुढे म्हणजे कुठे जाते ही?" मी विचारलं.

"उगवतीला," ती म्हणाली, आणि त्या गावाचं नाव सांगितलं.

त्या गावात मी सांगितलेली पेज शिजली की नाही, चार वर्षांचं पोर उठून बसलं की नाही, मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की हा गाडा तिथे पोचेल तेव्हा एक म्हातारी घराबाहेर येईल. हलगीवाला हात वर धरून थांबला होता. बायका माझ्याकडे बघत होत्या. आत सुमननं दाराला कडी लावली होती, आणि कडीमागे आठ दिवसांची मुलगी भुकेनं रडायला लागली.

मी मान खाली घातली. देवीच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

"पुढं जा आई," मी म्हटलं. आळीतल्या सगळ्या बायकांपेक्षा माझा आवाज मोठा निघाला.